तीन नंबरकडे बोट

आमच्या प्रयोगशाळेत मिसळण्याचा अभ्यास चालतो. दोन जड अणुकेंद्रकं वेगात एकमेकांना घासून गेली, की तेवढ्या निसटत्या भेटीत एकाकडचे जास्तीचे न्यूट्रॉन दुसऱ्याकडे किती जातात, प्रोटॉन कुठे सरकतात आणि दोघांची घडण सारखी व्हायला किती वेळ लागतो, हे आम्ही मोजतो. तो वेळ सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या हजार-अब्जाव्या भागाहूनही कमी असतो. तेवढ्यात त्यांचं जमून जातं. आमच्या दोन गटांना एकत्र येऊन तीन वर्षं झाली होती आणि चहाची किटली अजून एक झालेली नव्हती.

एक गट चकतीवाल्यांचा. सिलिकॉनच्या कागदासारख्या पातळ चकत्यांचे डिटेक्टर, म्हणजे उडालेले तुकडे टिपणारी उपकरणं, ते बनवतात, श्वास रोखून काम करतात आणि शेजारच्यानेही रोखावा अशी अपेक्षा ठेवतात. त्यांच्या प्रमुख चकतीवाल्या मॅडम. दुसरा गट स्फटिकवाल्यांचा. त्यांचे डिटेक्टर म्हणजे मुठीएवढे जाड स्फटिक, आणि त्यांचे प्रमुख स्फटिकवाले सर यांचा आवाजही त्याच मापाचा. पूर्वी हे दोन वेगळे विभाग होते आणि एकमेकांना पाण्यात पाहायचे. मग संचालकांनी एका पानाचा आदेश काढला आणि त्यांचा एक विभाग झाला. तेव्हापासून ते एकमेकांना एकाच छपराखाली पाण्यात पाहू लागले.

दोन खोल्या आणि मध्ये अरुंद बोळ. बोळात माझं टेबल. मी कुठल्याच गटाची नव्हते. बाहेरून करारावर आलेली, दोन्हीकडची मोजमापं एकत्र जुळवून त्यातून उत्तर काढणारी. म्हणून मला सगळे ‘मधली’ म्हणत. अणुकेंद्रकं घासली जातात तेव्हा त्यांच्यामध्ये क्षणभर एक बारीक मान तयार होते आणि जी काही देवाणघेवाण होते ती तिच्यातूनच होते. आमच्या विभागाची मान मी होते. माझ्यावरून स्टेपलर जायचा, तक्रारी जायच्या आणि ‘त्यांना सांग’ने सुरू होणारी वाक्यं जायची.

“त्यांना सांग, फ्रिजमधलं दूध आमचं आहे,” मॅडम म्हणायच्या. सर चार पावलांवर उभे असायचे.

“त्यांना सांग, ऐकू आलं,” सर म्हणायचे.

मी सांगायचे नाही. तरी दोघंही समाधानाने आपापल्या दारातून आत वळायचे.

हा माझा पाचवा करार होता. प्रत्येक करार वेगळ्या गावात आणि प्रत्येक गावात आई माझ्याबरोबर. ती म्हणते, तुझ्या विषयातलं मला काही कळत नाही, पण सामान बांधण्यातली मी आता डॉक्टर आहे. भाड्याच्या घरात ती भिंतीला खिळा मारत नाही. तिच्या बहिणीने, म्हणजे माझ्या मावशीने, दिलेलं एक मोठं भिंतीवरचं घड्याळ आहे. ते ‘पक्कं घर झालं की’ लावायचं म्हणून आजवर खोक्यातच राहिलं. प्रत्येक गावात आईची शेजारणीशी नुकती वाट्यांची ये-जा सुरू होते, साखर इकडून, लिंबू तिकडून, तोवर माझा करार संपतो. इथे समोरच्या बाईंशी तिचं चांगलंच जमलं होतं. त्यांच्या गॅलरीत आईच्या दोन कुंड्या राहायला गेल्या होत्या. “या वेळी मी कुंड्या परत मागणार नाही,” आईने मला बजावून सांगितलं होतं. “तू काय ते बघ.”

बघण्यासारखी गोष्ट एकच होती. विभागात एक कायमची जागा निघाली होती. गुरुवारी समिती बसणार होती. आमचा मोठा निकाल ज्या लेखात येणार होता त्यावर पहिलं नाव माझं होतं आणि संचालक म्हणाले होते, “असा निकाल असेल तर जागेचा प्रश्नच येत नाही.” म्हणजे निकाल राहिला तर मी राहणार होते. निकाल गेला तर कुंड्या परत मागायच्या.

निकाल काय होता, ते सांगते. त्याचा सगळा डोलारा एका घड्याळावर उभा आहे.

घासून पुढे गेलेलं अणुकेंद्रक ताणलं जातं, गिरक्या घेतं आणि मग त्याचे दोन तुकडे होतात, एक मोठा आणि एक छोटा. छोटा तुकडा त्या मानेपाशी घडतो, म्हणून त्यात सुरुवातीला न्यूट्रॉन जरा जास्त असतात. दोघं जोवर चिकटलेले आहेत तोवर जास्तीचे न्यूट्रॉन मोठ्याकडे सरकत राहतात. तुटले की व्यवहार बंद. ते किती वेळ चिकटलेले होते हे सांगणारं घड्याळ बाजारात मिळत नाही. पण गिरकी चालू असते ना! तुटेपर्यंत किती वळले, तो कोन मोजायचा. कोन लहान म्हणजे लवकर तुटले, कोन मोठा म्हणजे बराच वेळ जोडीने फिरले. कोन हाच आमचा घड्याळाचा काटा.

आता आडव्या बाजूला कोन आणि उभ्या बाजूला छोट्या तुकड्यातले जास्तीचे न्यूट्रॉन असा आलेख काढला, तर रेघ आधी भराभर खाली यायला हवी आणि मग आडवी व्हायला हवी. मिसळून झालं, आता बदल नाही. इतर ठिकाणी असंच दिसलं होतं. आमची रेघ खाली आली, आडवी झाली आणि मोठ्या कोनांपाशी पोचल्यावर पुन्हा वर चढली.

“म्हणजे मिसळलेलं पुन्हा वेगळं होतं!” सर माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाले. माझा चहा सांडला. तो दोन्ही किटल्यांमधला नव्हता, मी घरून आणते.

मॅडम दाराबाहेर आल्या. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्या स्वतःहून बोळात आल्या होत्या. त्यांनी रेघ पाहिली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिली. “त्यांना सांग,” त्या म्हणाल्या, “की हे आतल्या कडीतल्या अचूक मोजणीमुळे दिसलं.”

“त्यांना सांग, चढण बाहेरच्या कडीत आहे,” सर म्हणाले.

संचालकांना निकाल फारच आवडला. त्यांनी स्वतः कधीकाळी प्रयोग केले होते, त्यानंतर त्यांची बढती झाली. मिसळलेलं पुन्हा वेगळं होतं हे वाक्य त्यांना इतकं पटलं, की आमच्या विभागाकडे बघून त्यांना ते आधीच सुचायला हवं होतं असं मला वाटलं. त्यांनी वार्षिक अहवालाचं मुखपृष्ठ आम्हाला दिलं. मग या चमत्काराला नाव काय द्यायचं यावर दोन्ही खोल्यांत आठवडाभर खल झाला. सर आणि मॅडम दोघंही म्हणत होते की स्वतःचं आडनाव लावणं वाईट दिसतं. दुसऱ्या कुणी लावलं तर मात्र आपला इलाज नाही, असंही दोघांचं मत होतं. दोघांनीही वेगवेगळं मला विचारून पाहिलं, की मला काही सुचतंय का.

मला सुचत होतं ते वेगळंच. मला ती रेघ आवडत नव्हती.

निसर्गाला असं काही करता येतच नाही, असं मी म्हणत नाही. पण साखर चहात विरघळली आणि तुम्ही ढवळत राहिलात म्हणून ती पुन्हा खड्यांच्या रूपात चमच्यावर येऊन बसली, तर आधी चमचा तपासावा. मी चमचा तपासायला घेतला.

आमची डिटेक्टरची मांडणी अशी. बीम, म्हणजे वेगवान अणुकेंद्रकांचा झोत, येतो, टार्गेटच्या पातळ पत्र्यावर आदळतो आणि तुकडे पुढे उधळतात. पुढे दोन कड्या आहेत. आतली कडी मॅडमच्या चकत्यांची, तिच्याभोवती बाहेरची कडी सरांच्या स्फटिकांची. प्रत्येक कडीत बारा डिटेक्टर, घड्याळाच्या आकड्यांसारखे, बारा नंबर सगळ्यात वर. दोन्ही गटांनी आपापली कडी कसून तपासली होती. त्याबद्दल कुणाला शंका घेता आली नसती आणि मी घेतलीही नाही. दोन्ही कड्या मिळून कुणी तपासल्या होत्या का? त्यासाठी दोघांना एका वेळी एका खोलीत उभं राहावं लागलं असतं.

तपासणी सोपी असते. काही वेळा अणुकेंद्रकं तुटत नाहीत, नुसती एकमेकांना धक्का देऊन बाजूला होतात, काचेच्या गोट्यांसारखी. एक उजवीकडे गेली की दुसरी डावीकडे जायलाच हवी. आतल्या कडीत एक बारा नंबरवर पडली, तर तिची जोडीदार बाहेरच्या कडीत सहा नंबरवर सापडली पाहिजे. मी पाहिलं. सापडली. सहाला पडली तर बाराला. बरोबर. मग तीन पाहिला. आतल्या कडीत तीनवर एक, तर बाहेर जोडीदार नऊवर हवी.

ती तीनवर होती.

दोन गोट्या एकमेकींवर आपटून दोघीही उजवीकडे निघून गेल्या होत्या, हातात हात घालून.

मी उठून बोळात दोन येरझाऱ्या घातल्या. मग लक्षात आलं आणि इतकं हसू आलं, की दोन्ही खोल्यांतून माना बाहेर आल्या. काचेचं घड्याळ पुढून पाहा, तीन उजवीकडे. तेच मागून पाहा, तीन डावीकडे. बारा आणि सहा मात्र दोन्हीकडून जागच्या जागी. एका गटाने कडी पुढून मोजली होती आणि दुसऱ्याने मागून.

त्यामुळे काय झालं होतं ते पुढे दहा मिनिटांत उलगडलं. ज्या जोड्यांचे दोन्ही तुकडे आतल्याच कडीत पडले त्यांचे कोन बरोबर होते. जिथे एक तुकडा मॅडमकडे आणि एक सरांकडे गेला, तिथे कोन चुकला. लवकर तुटलेल्या, अजून न मिसळलेल्या कित्येक जोड्या मोठ्या कोनांच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या होत्या. सकाळच्या पाहुण्यांना संध्याकाळची वेळ लावली आणि मग म्हटलं, बघा, संध्याकाळी माणसं किती ताजीतवानी दिसतात! जिथे जिथे दोन गटांचा संबंध आला, नेमकं तिथेच मिसळलेलं वेगळं झालं होतं. निकाल तसा खरा होता, फक्त अणुकेंद्रकांबद्दल नव्हता.

मी माझ्या संगणकावर बाहेरची कडी आरशात पाहिल्यासारखी उलटी केली. रेघ खाली आली, आडवी झाली आणि आडवीच राहिली. गंमत म्हणून बाहेरची तशीच ठेवून आतली उलटी केली. तीच रेघ. कुठलीही एक उलटी केली तरी चालत होतं. प्रश्न फक्त एवढाच होता, की कुणाची. तो मात्र अणुकेंद्रकांहून जड निघाला.

आधी सरांकडे गेले.

“सर, बाहेरच्या कडीचे नंबर कुठे उभं राहून घातले?”

“कुठे म्हणजे? जिथे काम असतं तिथे. मागच्या बाजूला. तारा मागून निघतात. तारा लावणारा पुढे उभा राहून काय गाणं म्हणणार?”

“मॅडमनी पुढून मोजलेत. बीम येतो त्या बाजूने.”

सर हुशार आहेत. त्यांना पूर्ण समजायला मला चहाचा एक घोट घेता येईल एवढाच वेळ लागला. मग म्हणाले, “मग त्यांनी उलटी करावी.”

“कुणीही केली तरी रेघ चढत नाही, सर. चढण जाते.”

“ते बघू गं. पण आमच्या कडीत चूक नाही, हे लक्षात घे.”

मॅडमना सांगितलं, तेव्हा त्या मायक्रोस्कोपखाली चकतीवरचा ओरखडा बघत होत्या. त्यांनी डोकं वर केलं नाही. “सगळं जग बीमच्या दिशेने बघतं,” त्या म्हणाल्या. “आपण मोटारीत बसतो तेव्हा मागच्या काचेतून रस्ता बघतो का?”

“मग बाहेरची कडी उलटी करू?”

“अवश्य कर. त्यांनी फक्त सहीनिशी लिहून द्यावं, की त्यांची उलटी होती.”

“तुम्ही त्यांना विचारलं नव्हतं का, मॅडम? मांडणी लावताना?”

“तू होतीस ना मध्ये,” त्या म्हणाल्या. मी आले तेव्हा दोन्ही कड्या लावून, स्क्रू आवळून, त्यांच्याभोवतीचा चेंबर बंद करून झाला होता. पण मान मध्येच असते, हे खरं.

विभागाचा नियम होता, की ज्याच्या कडीच्या नोंदी बदलायच्या त्या गटप्रमुखाची संमती हवी. संमती कुणीच देईना. त्याबदल्यात दोघांनीही मला अगदी एकसारखा, वडीलधारा सल्ला दिला. सरांचा असा, “हे बघ, गुरुवारी समिती आहे. शुक्रवारी शांतपणे बसू. चूक काही पळून जात नाही.” मॅडमचा असा, “गुरुवार होऊ दे. तुझ्या भल्याचं सांगते.” आणि दोघंही खरंच माझ्या भल्याचं सांगत होते. तेच वाईट होतं.

घरी गेले तर आई स्टुलावर उभी होती आणि हातात हातोडी होती. बैठकीच्या भिंतीत एक खिळा होता. तिरका, पण होता.

“आई! अजून काही ठरलेलं नाही.”

“समोरच्या बाई म्हणाल्या, तुमच्या मुलीचं पेपरात येणार म्हणे. मग म्हटलं, मारते.” ती खाली उतरली. “तोंड का असं झालंय?”

मी सांगितलं. दोन डबे आणि एक ताटली घेऊन समजावलं. आईला पटकन समजलं. ती समोरच्या बाईंच्या स्वयंपाकघरात नेहमी चुकीचं कपाट उघडते, कारण त्यांचं घर आमच्या घराच्या उलट्या मांडणीचं आहे.

“म्हणजे चूक त्या दोघांची.”

“दोघांचीही नाही. दोघांचं आपापल्या जागी बरोबर आहे.”

“गप्प राहिलीस तर कुणाला कळेल?”

“दुसऱ्या कुठल्यातरी प्रयोगशाळेत हेच पुन्हा मोजतील. त्यांची रेघ वर चढणार नाही.”

“किती दिवसांनी?”

“पाचेक वर्षं तरी लागतील.”

“पाच वर्षं!” आईचा चेहरा उजळला. “पाच वर्षांत तर मी समोरच्या बाईंच्या सुनेचं बाळंतपण करून मोकळी होईन.”

मी ताटली उचलून जागेवर ठेवली. आईने हातोडी पिशवीत घातली, पिशवी कपाटात ठेवली, कपाट लावलं आणि पुन्हा उघडलं.

“पण तू पाच वर्षं ते चित्र बघत बसणार,” ती म्हणाली, “आणि मला पाच वर्षं तुझं हे तोंड बघावं लागणार. जेवताना. रोज.” तिने खिळ्याकडे पाहिलं. “मरो. खिळा निघतो पक्कडीने.”

आता फक्त त्या दोघांना एका वेळी एका जागी उभं करणं उरलं होतं. तपासणीसाठी चेंबर उघडू या, असं मी आधीच म्हणून पाहिलं होतं. चेंबरमधली हवा काढणारे पंपवाले काका अंगावर आले होते. “व्हॅक्यूम तोडायचा? पुन्हा ओढायला दोन दिवस लागतात, ठाऊक आहे का? शंका आली म्हणून चेंबर उघडत नसतात, ताई.” पण बुधवारी अहवालाच्या मुखपृष्ठासाठी फोटो काढायचा होता, आणि फोटोसाठी चेंबर उघडायला संचालकांनी स्वतः सांगितलं. पंपवाल्या काकांनी केस विंचरून, नवा डगला घालून झाकण उघडलं. विज्ञानासाठी जे होत नाही ते मुखपृष्ठासाठी होतं, याबद्दल माझी तक्रार नाही. झाकण उघडल्याशी मतलब.

चेंबर म्हणजे माणूस आत वाकून उभा राहील एवढा पोलादी पिंप. आत दोन कड्या चकचकत होत्या. मॅडम बीमच्या बाजूला उभ्या राहिल्या, सर तारांच्या बाजूला. तशी त्यांची सवयच होती. संचालक टाय नीट करत कडेला. फोटोवाला तरुण आणि उत्साही होता. त्याने दोघांना कड्यांकडे बघायला सांगितलं, हसायला सांगितलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, “नुसतं उभं राहण्यात मजा नाही. काहीतरी करताना दाखवू या.”

“बोट दाखवू देत,” मी म्हणाले. “दोघांनाही तीन नंबरकडे बोट दाखवायला सांगा. शोधात तो महत्त्वाचा आहे.”

सरांनी एकदम मान वर केली. मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. दोघांनाही कळलं. पण संचालक “वा, छान कल्पना” म्हणून गेले होते, आणि आपल्या कडीतला तीन नंबर आपल्याला ठाऊक नाही असं जगात कुणासमोरही कबूल करायला दोघं तयार नव्हते.

“हं, तीन नंबर!” फोटोवाला म्हणाला.

मॅडमचं बोट खिडकीकडच्या बाजूला गेलं. सरांचं बोट दाराकडच्या बाजूला गेलं. अगदी ठाम, सरळ, विरुद्ध.

“नाही नाही,” फोटोवाला हसला. “दोघांनी एकाच दिशेला दाखवा ना.”

कुणी हललं नाही. मॅडमचं बोट जराही थरथरत नव्हतं, चकत्या हाताळून हाताळून त्यांचा हात तसा झालाय. फोटोवाल्याला वाटलं पोज आहे, त्याने फोटो काढला.

“तीन नंबर... दोन आहेत का?” संचालकांनी विचारलं.

“प्रत्येक कडीत एक आहे, साहेब,” मी म्हणाले. “ते एकाच बाजूला असायला हवेत.”

संचालकांनी एका बोटाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं. बढतीच्या आधीचा माणूस त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर परत आला. “म्हणजे ती चढण...”

“नाही, साहेब. रेघ खाली येते आणि आडवी होते. दोन्हीपैकी कुठलीही एक कडी उलटी करून पाहिली. तेच येतं.”

“आडवी. इतरांना आली तशी?”

“हो.”

“मग त्यात नवीन काय?”

“काही नाही. बरोबर आहे, एवढंच.”

ते ‘बरोबर’ त्यांनी तोंडात थोडा वेळ घोळवलं. चव आवडली नसावी. “उद्या समिती आहे,” ते म्हणाले, जणू हे मला कुणी सांगितलं नव्हतं. “ही चूक झाली कशी?”

आणि तेव्हा ते घडलं. सरांनी बोट खाली घेतलं. मॅडमनीही घेतलं. दोघांनी चेंबरच्या आरपार एकमेकांकडे पाहिलं, थेट, मध्ये मी नसताना.

“दोन्हीकडची जुळवणी हीच करते,” मॅडम म्हणाल्या.

“जुळवणी मधलीचीच,” सर म्हणाले. “मॅडमचं बरोबर आहे.”

मॅडमचं बरोबर आहे! तीन वर्षांत जे झालं नव्हतं ते एका क्षणात पूर्ण झालं. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे, दोन्ही बाजू अगदी सारख्या. काय काय सरकतंय ते मी पाहत होते, कारण सरकताना ते माझ्यावरूनच जात होतं. मानेचं पुढे काय होतं ते मी वर सांगितलंच आहे. तिच्यातून छोटा तुकडा निघतो.

गुरुवारी समितीत दोघं शेजारीशेजारी बसले. जागा तूर्त स्थगित झाली. ‘तूर्त’ हा शब्द आमच्याकडे कोनाने मोजावा लागतो. लेख थांबला. पण दोन्ही कड्यांच्या नोंदी जाणणारं विभागात दुसरं कुणीच नसल्यामुळे, चुकीची दुरुस्ती करण्यासाठी, जिने चूक केली असं ठरलं होतं तिलाच एका वर्षाची मुदतवाढ मिळाली. दुरुस्ती म्हणून मी पहिल्याच दिवशी चेंबरच्या आत रंगाने एक बाण काढला आणि बाजूला लिहिलं, ‘इथे उभं राहून मोजा.’ बाण तांबडा का, यावर दोन्ही खोल्यांची एक संयुक्त बैठक झाली. चहा एकाच किटलीतून आला. मला बोलावलं नव्हतं.

घरी आईने सगळं ऐकून घेतलं. “एक वर्ष,” ती म्हणाली.

“एक वर्ष.”

“मग घड्याळ नको खोक्यातून काढायला. आणि खिळा?”

पक्कड तिच्या हातात होतीच. तिने खिळा हलवून पाहिला. पण खिळा तिरका बसल्यामुळे निघेना, नुसता भुगा पडायला लागला. “राहू दे,” ती म्हणाली, “घरमालकाला काय सांगायचं ते मी बघते.”

काही आठवड्यांनी वार्षिक अहवाल छापून आला. मुखपृष्ठ बदलायला वेळ नव्हता. त्यावर एक पोलादी पिंप, एक बाई, एक गृहस्थ आणि विरुद्ध दिशांना रोखलेली दोन बोटं. खाली लिहिलं होतं, ‘आमचं संशोधन सर्व दिशांनी.’ उजव्या कडेला, चौकटीबाहेर जाता जाता, एक कोपर आलं होतं.

मी संध्याकाळी घरी आले तेव्हा ते मुखपृष्ठ कापून, पुठ्ठ्यावर चिकटवून, दोरा ओवून खिळ्याला टांगलेलं होतं. समोरच्या बाई वाटी परत करायला आल्या होत्या आणि चष्मा कपाळावर सारून चित्र बघत होत्या.

“यात तुमची मुलगी कुठाय हो?”

आई पुढे झाली आणि तिने बोट ठेवलं. “हे काय, हे कोपर. या दोघांना तिथे उभं कुणी केलं असं वाटतं तुम्हाला?”

बाईंनी कोपर नीट पाहिलं. “छान आलंय,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी वाटी ठेवली आणि जाताना आमच्याकडची दुसरी घेऊन गेल्या.